अकराव्या महिन्याचा हिशेब

राहते घर हातचे जाऊ नये म्हणून झगडणाऱ्या कुटुंबाला दिले जाणारे आर्थिक मार्गदर्शन आणि वर्ग भरवून शिकवली जाणारी आर्थिक साक्षरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्गदर्शक, म्हणजे बहुधा एखाद्या संस्थेची कार्यकर्ती, एकाच कुटुंबाबरोबर काही महिने बसते. येणे-जाणे लिहून काढते, भाडे, हप्ते आणि उधारी यांचा क्रम लावते. कशासाठी साठवायचे ते मात्र कुटुंबालाच ठरवू देते. कर्ज देणे किंवा घर मिळवून देणे हे तिचे काम नसते. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची चाळीस टक्क्यांहून अधिक वस्ती झोपडपट्टीत होती. अशा शहरात नुसत्या हिशेबाने घर टिकते का, यावर दोन टोकाची मते आढळतात.

समर्थक : भाड्याची खोली सुटण्याची तयारी बरीच आधीपासून होत असते, आणि ती उघड होते अकराव्या महिन्यात. मुंबईतला लीव्ह अँड लायसन्सचा करार सहसा अकरा महिन्यांचा. समजा, मानखुर्दकडच्या एका खोलीचे भाडे ८,००० रुपये आणि डिपॉझिट ५०,००० रुपये आहे. मालकाने करार वाढवला नाही, तर नव्या खोलीला ६०,००० डिपॉझिट लागते, म्हणजे वरचे १०,०००. एजंटची दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी, ८,०००. कराराचा खर्च २,०००. टेम्पो आणि हमाली ४,०००. बेरीज २४,०००. शिवाय जुने डिपॉझिट खोली रिकामी करून किल्ली दिल्यावर मिळते आणि नवे मात्र किल्ली घेण्याआधी मोजावे लागते. मधल्या आठ-पंधरा दिवसांसाठी पन्नास हजार उचलले जातात ते शेकडा पाचने, म्हणजे महिन्याला अडीच हजार व्याज. जुना मालक रंगाचे आणि वीजबिलाचे पैसे कापून उरलेली रक्कम सवडीने देतो आणि पंधरा दिवसांसाठी काढलेले कर्ज सहा महिने रेंगाळते. नव्या खोलीचे भाडे थकायला सुरुवात होते ती इथून. आता गंमत अशी की, यातला एकही खर्च अचानक आलेला नाही. करारावर सही केली त्याच दिवशी तो ठाऊक होता. पण घरखर्च महिन्याचा मांडायची सवय असते आणि हा खर्च अकरा महिन्यांतून एकदा येतो, म्हणून तो वहीत येतच नाही. मार्गदर्शक पहिल्या-दुसऱ्या बैठकीतच तो वहीत आणते : २४,००० भागिले ११, महिन्याला जवळपास २,२००. हे शहाणपण नवे नाही, पण कोणीतरी शेजारी बसून ते मांडावे लागते.

साशंक : भागाकार बरोबर आहे. प्रश्न २,२०० येणार कुठून हा आहे. त्याच खोलीतले कुटुंब पुढे चालवून पाहावे. बाई तीन घरची धुणीभांडी आणि स्वयंपाक करते, महिन्याला १४,०००. नवरा नाक्यावर उभा राहतो. सरासरी पंधरा-सोळा दिवस काम मिळते, त्याचे १२,००० धरू. एकूण २६,०००. भाडे ८,०००, वीज-पाणी १,५००, किराणा, गॅस आणि भाजी ९,०००, मायक्रोफायनान्सचा हप्ता ३,५००, मुलांची शाळा आणि क्लास २,०००, प्रवास आणि मोबाइल १,५००. झाले २५,५००. उरले पाचशे, तेही कोणी आजारी पडले नाही आणि गावी जावे लागले नाही तर. जूनमध्ये नाक्यावरचे काम निम्म्यावर येते आणि त्याच महिन्यात वह्या-पुस्तके, गणवेश घ्यायचे असतात. अशा वहीसमोर बसलेल्या मार्गदर्शकाचे बोट आधी गुटख्याच्या पुडीवर जाते, मग मोबाइलच्या रिचार्जवर, शेवटी गावच्या जत्रेवर. या तिन्हींची बेरीज केली तरी २,२०० होत नाहीत. कुटुंबाला मात्र आपणच उधळे आहोत असे वाटू लागते. आणि गरिबांना हिशेब कळत नाही हे गृहीतकच तपासायला हवे. 'पोर्टफोलिओज ऑफ द पुअर' हे २००९ चे पुस्तक भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गरीब कुटुंबांच्या वर्षभराच्या आर्थिक रोजनिशींवर उभे आहे. त्यात असे एकही घर आढळले नाही, जे पैशांचे किमान चार वेगवेगळे मार्ग एकाच वेळी वापरत नव्हते. भिशी, उचल, उधारी, शेजारणीकडे ठेवलेले पैसे. पगारदार माणूस वर्षातून एकदा, कर भरताना करतो तेवढा हिशेब ही बाई दर आठवड्याला तोंडी करते.

समर्थक : जत्रेवर बोट ठेवणारी मार्गदर्शक वाईट मार्गदर्शक आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते. खर्च छाटणे हा या कामाचा सर्वांत लहान भाग. तारखा जुळवणे हा मोठा. भाडे पाच तारखेला द्यायचे असते आणि तीनपैकी एका घरचा पगार दहा तारखेला होतो. दर महिन्याला पाच दिवसांसाठी तीन-चार हजार उसने घ्यावे लागतात. त्यातले काही फेडले जातात, काही पुढच्या महिन्यावर जातात. भाड्याची तारीख दहा करून मागितली तर मालकाचे काही जात नाही. पण ते सुचायला सगळ्या तारखा एका पानावर दिसाव्या लागतात, आणि तोंडी हिशेबात नेमके तेच होत नाही. दुसरा भाग हक्काच्या पैशांचा. नाक्यावरच्या कामगाराची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी झाली, तर मुलांच्या शिक्षणासाठी मदत मिळू शकते. रेशनकार्ड गावचे असले तरी धान्य इथे उचलता येते. वर्षाला २० रुपयांत अपघात विमा आणि ४३६ रुपयांत आयुर्विमा मिळतो. घरातला कमावता माणूस गेला की पहिल्या काही महिन्यांत घर जाते, म्हणून विमा हा इथे घराचाच प्रश्न आहे. आणि शेजारी बसण्याने फरक पडतो याला पुरावाही आहे. अहमदाबादच्या अल्पउत्पन्न कुटुंबांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगात नुसत्या चित्रफिती दाखवून फारसे वर्तन बदलले नाही. पण त्याला उद्दिष्ट ठरवण्याची आणि वैयक्तिक सल्ल्याची जोड दिली, तिथे प्रत्यक्ष व्यवहारात फरक दिसला. वर्ग आणि सोबत यांतला फरक तो हाच.

साशंक : पुराव्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. फर्नांडिस, लिंच आणि नेटेमेयर यांनी २०१४ मध्ये आधीच्या दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. लोकांच्या आर्थिक वर्तनात जो फरक पडतो, त्यातला जेमतेम ०.१ टक्का भाग आर्थिक शिक्षणामुळे पडतो, असे त्यात दिसले. गरिबांमध्ये परिणाम आणखी कमी.

समर्थक : त्यानंतर केवळ यादृच्छिक प्रयोगांचे, ७६ प्रयोगांचे, विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात शिक्षणाचा परिणाम निश्चित दिसतो. शिवाय २०१४ च्या त्या आढाव्याचाच निष्कर्ष असा होता की, शिकवायचे तर निर्णयाच्या ऐन वेळी शिकवावे. अकराव्या महिन्याआधी घरी येऊन बसणे म्हणजे तेच.

साशंक : ठीक. वेळेचा मुद्दा मान्य. पण ऐन वेळ म्हणजे डोक्याला सर्वांत जास्त ताण असण्याचीही वेळ. 'सायन्स'मध्ये २०१३ साली आलेल्या अभ्यासात तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांची तोडणीआधी आणि तोडणीनंतर बौद्धिक चाचणी घेतली होती. माणसे तीच, पण हातात पैसा येण्याआधी त्यांचे गुण लक्षणीय खालावलेले होते. ज्याला हा खालावलेला काळ बारमाही आहे, त्याच्यापुढे आणखी एक तक्ता ठेवायचा? त्यातून हक्काच्या योजनांचे म्हणाल, तर बांधकाम मंडळाच्या नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज वेगळ्या मुकादमाबरोबर जाणाऱ्या नाका कामगाराला तो देणार कोण? त्या दाखल्यासाठी दोन दिवस घालवले म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. मार्गदर्शकाच्या वहीत हा खर्च कोणत्या रकान्यात जातो?

आणि आता खरा अवघड प्रश्न. महिन्याच्या शेवटी हातात ८,००० आहेत. भाडे ८,००० आणि हप्ता ३,५००. आधी काय भरायचे?

समर्थक : भाडे.

साशंक : वहीत, हो. वस्तीत आधी हप्ता भरला जातो. मायक्रोफायनान्सचे कर्ज बहुतेकदा गटाच्या जामिनावर असते. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांना पदरचे घालावे लागतात किंवा सगळ्यांचे पुढचे कर्ज अडते. वसुलीच्या दिवशी केंद्रावर, शेजारणींच्या देखत, नाव पुकारले जाते. खोलीमालकाला मात्र 'दादा, आठ दिवस थांबा' असे दारात उभे राहून सांगता येते. म्हणून घरात पैसे कमी पडले की मान खाली जाऊ नये यासाठी हप्ता जातो आणि भाडे मागे राहते. हा निर्णय अडाणीपणाचा नाही. ज्याचा तगादा जास्त त्याचे आधी, असा तो सरळ हिशेब आहे. फक्त त्याची किंमत तीन महिन्यांनी खोली देऊन चुकवावी लागते. यात नियमांचीही भर आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबावरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त असू नयेत. नियम चांगला आहे, पण त्या निम्म्यात भाडे धरलेले नाही. महिन्याला २५,०००, म्हणजे वर्षाला तीन लाख कमावणाऱ्या घराला नियमात राहून १२,५०० रुपयांपर्यंत हप्ते लावता येतात. वर ८,००० भाडे गेले की खायला, शाळेला आणि औषधाला मिळून ४,५०० उरतात. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला आणि भाडेकरूला एकाच मापाने मोजणारा नियम आहे हा.

समर्थक : मग मार्गदर्शकाची गरज सर्वांत जास्त इथेच आहे. 'भाडे आधी, हप्त्याबद्दल बोलून घेऊ' हे सांगणारा कोणीतरी बाहेरचा हवा. गटातल्या बायकांना ते एकमेकींना सांगता येत नाही. नवे कर्ज घेण्याआधी भाडे धरून हिशेब करा, हेही तिनेच सांगायचे.

साशंक : सांगायला हवे. पण तिचा पगार कोण देतो? देशातली आर्थिक साक्षरता केंद्रे मोठ्या प्रमाणात बँकांच्या आधाराने चालतात. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ८० तालुक्यांत सुरू केलेल्या प्रायोगिक केंद्रांची रचनाही संस्था आणि प्रायोजक बँका यांच्या भागीदारीची आहे. बाकीचा बराचसा पैसा कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून येतो. त्यात वाईट काही नाही. पण कर्ज देणाऱ्याच्या पैशावर काम करणाऱ्या मार्गदर्शकाने 'या महिन्यात हप्ता राहू द्या' असे म्हणावे, ही अपेक्षा जरा जास्तच झाली. ती 'वेळेवर परतफेड केली की पत सुधारते' हे धडे देईल. धडा खोटा नाही. फक्त पत वाचते आणि खोली जाते.

वाद इथे एक वळण घेतो. आतापर्यंत मार्गदर्शनाचा उपयोग होतो की नाही असा प्रश्न होता. आता मार्गदर्शक कोणाच्या बाजूने बसते असा झाला आहे. पहिल्या प्रश्नाला संशोधनातून काही ना काही उत्तर मिळते. दुसऱ्याला मिळत नाही, कारण तो नेमणूकपत्राचा प्रश्न आहे.

समर्थक : बाजूचा मुद्दा योग्य आहे, आणि त्याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. २००८ च्या गृहकर्ज संकटात घरे जप्त होत असताना तिथल्या सरकारने राष्ट्रीय पातळीवर समुपदेशनाचा कार्यक्रम चालवला. अर्बन इन्स्टिट्यूटच्या मूल्यमापनात असे दिसले की, समुपदेशन घेतलेल्या कर्जदारांना कर्जाच्या अटी बदलून हप्ता कमी करून मिळण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त होती. तिथे समुपदेशक घरखर्चाची वही तपासून थांबला नाही. कर्जदाराची कागदपत्रे लावून तो बँकेशी बोलायला बसला. मुंबईतही हेच करता येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. लेखी करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. भाडे थकले म्हणून वीज-पाणी तोडता येत नाही. हे ठाऊक असलेली कार्यकर्ती सोबत असेल तर मालकाचा सूर बदलतो.

साशंक : अमेरिकेतले ते समुपदेशन चालले, कारण समोरच्याचेही नुकसान होत होते. पडत्या बाजारात जप्त केलेले घर बँकेच्या गळ्यात पडले असते. हप्ता कमी करणे तिला परवडणारे होते. मानखुर्दच्या खोलीमालकाचे काय नुकसान होते? एकाने खोली सोडली की संध्याकाळपर्यंत दुसरा डिपॉझिट घेऊन उभा. आणि कायद्याचे म्हणाल, तर तो दोन घरांत विभागलेला आहे. जुन्या पागडीच्या भाडेकरूला थकबाकीची नोटीस मिळाल्यावर ९० दिवस मिळतात, दावा दाखल झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत १५ टक्के व्याजासह रक्कम भरून घर वाचवता येते. लीव्ह अँड लायसन्सवाल्याला ही सवलत नाही. मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्यापुढे अर्ज, आणि खोली सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई. म्हणजे ज्याला मार्गदर्शनाची गरज सर्वांत कमी, त्याच्याकडे कायद्याने दिलेला वेळ आहे. ज्याला सर्वांत जास्त, त्याच्याकडे काहीच नाही. १७ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत, राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्याचा सल्ला दिला. सल्लाच तो. ज्याने ऐकला त्याने ऐकला. नमुना भाडेकरार कायदा केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केला; त्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते मर्यादित आहे. मघाच्या खोलीला तो लावला तर डिपॉझिट ५०,००० चे १६,००० होते आणि शेकडा पाचचे ते सगळे प्रकरण बऱ्याच अंशी मिटते. पण तो नमुना. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. एका ओळीच्या नियमाने जे होईल, त्यासाठी हजारो कुटुंबांना महिन्याला २,२०० वाचवायला शिकवायचे?

समर्थक : नियम होईपर्यंत त्या कुटुंबांनी काय करायचे? हा युक्तिवाद ऐकायला भारदस्त आहे, पण अकरावा महिना त्यासाठी थांबत नाही. शिवाय नियम बदलला, घर मिळाले, म्हणजे प्रश्न संपला असेही नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींकडे पाहावे. १९९५ पासूनच्या या योजनेत पात्र कुटुंबाला फुकट, मालकीचे घर मिळते. आता ते ३०० चौरस फुटांचे असते. भाड्याची, डिपॉझिटची कटकट गेली. पण झोपडीत जो खर्च नव्हता तो सुरू झाला : लिफ्ट, पाण्याचा पंप, सफाई. मेंटेनन्सचे बिल थकले की सोसायटी उपविधींनुसार वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावू शकते, आणि पुढे सहकार कायद्याखाली निबंधकाकडून वसुली दाखला काढू शकते. काही घरे यामुळे विकली जातात किंवा भाड्याने देऊन कुटुंब पुन्हा झोपडीत जाते. इथे घरमालक नाही, दलाल नाही. समोर आहे ते शेजाऱ्यांचीच सोसायटी. हा प्रश्न निव्वळ मासिक हिशेबाचा आहे आणि किल्ली हातात देण्याआधी सहा महिने कोणी तो मांडून दाखवला असता, तर बराच टळला असता. अहमदाबादमध्ये १९८७ च्या एका गृहसोडतीत घर लागलेल्या विडी कामगार महिलांचा चौदा वर्षांनी अभ्यास झाला. सुमारे एक तृतीयांश घरांत कोणी राहायलाच गेले नव्हते आणि आणखी तितकेच लोक जाऊन परत आले होते. शहराबाहेरच्या चांगल्या घरात नातलग आणि शेजार तुटला, अडीअडचणीला उसने मिळायचे ते बंद झाले. घर दिले, पण तिथे राहण्याचा खर्च कोणी काढला नव्हता.

साशंक : हा मुद्दा वजनदार आहे. तरी त्याच अभ्यासाचा अर्थ उलटही लागतो : त्या बायकांनी हिशेब केला आणि म्हणूनच त्या परतल्या. मुंबईत म्हाडाच्या सोडतीत घर लागलेल्यांचा अभ्यास झाला, तेव्हा त्या कुटुंबांत शिक्षण आणि रोजगार दोन्ही वाढलेले दिसले. त्यांतल्या अनेकांनी ते घर भाड्याने दिले होते. म्हणजे उपयोगी पडली ती मालमत्ता. तिचे काय करायचे ते लोकांचे लोकांना समजले, मार्गदर्शक लागला नाही. आणि पुनर्वसनाचेच बोलायचे, तर मेंटेनन्सच्या आधीचा टप्पा विसरून कसे चालेल? झोपडी पाडल्यावर इमारत होईपर्यंत विकासकाने कुटुंबाला भाडे द्यायचे असते. ते मध्येच बंद पडण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की, दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करण्याची अट २०२३ मध्ये घालावी लागली. विकासकाचे भाडे आले नाही आणि खोलीमालकाने बाहेर काढले, तर त्या घराच्या वहीत चूक कोणती? वही विकासकाची तपासायला हवी होती.

समर्थक : तपासणार कोण? ज्यांच्याकडे स्वतःची वही आहे तेच. या शहराचा अनुभव तसा आहे. १९८५ मध्ये ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, पण पदपथावरून हटवायला महापालिकेला मोकळीकही दिली. त्या काळात भायखळ्याच्या पदपथांवरच्या बायकांनी 'महिला मिलन' उभे केले. रोज घरोघर फिरून जमेल तेवढे, एक रुपया, दोन रुपये, गोळा करायचे. कोणाच्या घरी आजारपण आले की त्यातून तातडीचे कर्ज द्यायचे. पुढे त्यांच्यातल्या काहींना मानखुर्दला पक्की घरे मिळाली. त्याआधी १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना 'अन्नपूर्णा'त एकत्र आणले आणि वाण्या-सावकारांच्या उधारीतून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जापर्यंत नेले. ही सगळी हिशेबापासून सुरू झालेली कामे आहेत.

साशंक : हिशेबापासून सुरू झाली, पण त्यांना मार्गदर्शन म्हणता येणार नाही. महिला मिलनमध्ये पैसे गोळा करणारी बाई त्याच पदपथावर राहत होती. रोज दारात जाण्यामुळे कोण आजारी आहे, कोणाचे काम सुटले, कोणाला नोटीस आली हे तिला कळायचे. साठलेल्या रुपयांइतकीच ही माहिती मोलाची होती. त्या बळावर सरकारपुढे बसताना आम्ही किती आहोत आणि किती भरू शकतो, हे सांगता आले. अन्नपूर्णेने बायकांना उधारी कमी करा असे सांगितले नाही, बँकेला कर्ज द्यायला लावले. या दोन्ही ठिकाणी वही सामूहिक होती आणि तिचे तोंड बाहेरच्या दिशेला होते. आजचे मार्गदर्शन एकेका कुटुंबाशी, दार लावून, गोपनीयतेची हमी देऊन चालते. चाळीस घरांतल्या चाळीस वह्यांत एकाच मालकाने कापलेले डिपॉझिट नोंदलेले असते, आणि चाळिसांपैकी एकालाही दुसऱ्याचे ठाऊक नसते.

समर्थक : गोपनीयता काढून टाकली तर कर्ज किती आहे हे कोणी खरे सांगणार नाही. नवऱ्यापासून लपवलेली भिशी, बायकोपासून लपवलेली उचल, हे पहिल्या चार बैठकांत बाहेर येते ते दार बंद असते म्हणूनच. दोन्ही हवे. आकडे नावाशिवाय एकत्र करता येतात. कोणत्या गल्लीत किती डिपॉझिट कापले जाते, कोणत्या इमारतीत मेंटेनन्स थकते, कोणत्या योजनेत विकासकाचे भाडे थांबले. हे मार्गदर्शकांच्या वह्यांतून जेवढे लवकर कळेल तेवढे कोणत्याही सर्वेक्षणातून कळणार नाही.

साशंक : मग यशाचे मोजमाप काय ठेवायचे? निधी देणाऱ्याला आकडा लागतो. किती कुटुंबांची बचत सुरू झाली हा आकडा सोपा, म्हणून तोच दिला जातो. बचत सुरू होऊनही खोली गेली असेल.

समर्थक : वर्षभरानंतर कुटुंब त्याच पत्त्यावर आहे का, हे मोजावे. आणि नसेल तर कसे गेले : काढल्यामुळे की ठरवून. डिपॉझिट पूर्ण परत मिळाले का, मुलांची शाळा वर्षाच्या मध्ये तुटली का, जाण्यासाठी व्याजाने पैसे काढावे लागले का. ठरवून, वेळेवर, कर्जाशिवाय नालासोपाऱ्याला गेलेले कुटुंब अपयशी नाही. २६,००० मध्ये ८,००० ची खोली बसत नसेल तर ते सांगण्याचा प्रामाणिकपणा मार्गदर्शकात हवा.

साशंक : म्हणजे मालकाने काढले तर बेघर होणे आणि मार्गदर्शकाने समजावले तर नियोजन. त्या बाईची तीन घरे पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. नालासोपाऱ्याहून पहाटेची लोकल पकडून ती तीन घरे टिकणार नाहीत. दोन टिकली तर नशीब. भाडे तीन हजारांनी उतरेल आणि पगार पाच हजारांनी. नवऱ्याचा नाका बदलेल, नव्या नाक्यावर ओळख व्हायला पावसाळा जाईल. हा सगळा हिशेब त्या प्रामाणिकपणात धरला आहे का?

समर्थक : धरायलाच हवा. तिकिटाचा पास, तुटणारी कामे, नव्या शाळेचा प्रवेश, सगळे. दोन्ही ठिकाणांची पाने शेजारी ठेवून कुटुंबाने ठरवावे.

साशंक : आणि दोन्ही पानांची बेरीज उणे आली तर?

समर्थक : तर ते पान कुटुंबाला दुरुस्त करता येण्यासारखे नाही हे मान्य करावे लागेल. ते वॉर्ड ऑफिसला, गृहनिर्माण विभागाला, कर्ज देणाऱ्या संस्थेला पाठवावे. अशी पाचशे पाने एकत्र गेली तर डिपॉझिटच्या मर्यादेसाठी किंवा हप्त्यांच्या नियमात भाडे धरण्यासाठी त्याहून चांगला पुरावा नाही.

साशंक : वॉर्ड ऑफिसात जन्मदाखल्याची खिडकी आहे, पाणीपट्टीची आहे. हे पान घेऊन पोच देणारी खिडकी यांतल्या कोणत्याच कार्यालयात नाही. ती उघडून घेणे हे मार्गदर्शकाच्या कामात धरायचे की नाही, एवढे आधी ठरवावे. धरायचे असेल, तर तिचा पगार आज जिथून येतो तिथून तो येत राहील का, हेही.